कोंबडीची हाफ पँट

आधीच सांगून ठेवते, शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ असतील. ऱ्हस्व कुठे आणि दीर्घ कुठे हे मला चौथीतही कळलं नव्हतं, आणि चौथीनंतर शाळाच सुटली. अक्षराचं तर विचारू नये. गुरुजी म्हणायचे, हिच्या पाटीवरून कोंबडी चालत गेलीय. ही वही मापांची आहे. पुढच्या बाजूने छाती, कंबर, उंची, आणि मागच्या बाजूने हे. कुणाला दाखवायची नाही. तरी माफी मागितलेली बरी, कारण उद्या मीच वाचायला बसले तर त्रास मलाच होणार.

लिहायचं कारण एवढंच की ती गोष्ट आठवली की मला अजून हसू येतं, आणि हसू आलं की टीप वाकडी जाते. काल एका पँटीचा खिसा तिरका बसला, उसवून परत लावावा लागला. म्हटलं, एकदा कागदावर काढून टाकावं.

आम्ही सोलापुरात शाळेचे गणवेश शिवतो. आम्ही म्हणजे मी आणि माझी धाकटी जाऊ. एका घराच्या दोन खोल्या, मधे दार, आणि ते दार कायम उघडं. कारखान्यातून कापलेल्या कापडाचे गठ्ठे येतात, शिवून झाले की रिक्षातून परत जातात. हाफ पँटी माझ्याकडे, शर्ट तिच्याकडे. तिला बोलायला आवडतं आणि मला ऐकायला, त्यामुळे आमचं कधी भांडण झालं नाही. चारचौघांत माझ्या तोंडून शब्द फुटत नाही. पुरुषमाणसं बसलेली असली तर नाहीच नाही. मला काही सांगायचं असलं तर मी जावेच्या कानात सांगते आणि ती मोठ्यानं सांगते, वर दोन शब्द स्वतःचे घालून.

चार वर्षांपूर्वी मी ओव्हरलॉकचं मशीन घेतलं. त्यानं कापडाच्या कडा बांधल्या जातात, दोरे सुटत नाहीत. जुनंच, पण चांगलं. अठरा हजाराला. ते पैसे माझ्या नणंदेच्या यजमानांनी दिले. त्यांना आम्ही सगळे दाजी म्हणतो. कुर्डुवाडीला रेल्वेत आहेत. माणूस वाईट नाही. मागितल्याच्या चौथ्या दिवशी पैसे आणून दिले. कागद नाही, व्याज नाही. तेरा हजार मी दीड वर्षात फेडले. पाच राहिले. आणि ते पाच हजार दाजी काही केल्या घेईनात.

"राहू द्या की वैनी. घरचंच हाय. कुटं पळून चाललंय?"

पहिल्या वेळी मला बरं वाटलं. पाचव्या वेळी कळलं की ते पाच हजार आमच्याकडे असणं हीच दाजींची मजा आहे. ते आले की मशीनजवळ थांबायचे, त्याच्या डोक्यावर थापटी मारायचे, आणि सोबत जो कोणी असेल त्याला सांगायचे, "हे आपलं मशीन. वैनी चालवत्यात, मशीन आपलं." लग्नाच्या पंगतीत एकदा अनोळखी माणसालाही सांगितलं. आमचे हे म्हणायचे, "घेत नाहीत तर बरंच की." त्यांना कसं सांगू? त्या मशीनवर बसले की मला दुसऱ्याच्या बाजेवर बसल्यासारखं वाटायचं, केव्हाही कुणी येऊन उठवेल. गणवेशाच्या निळ्या कापडाची मी एक थैली शिवली, तिच्यात पाचशेच्या दहा नोटा घातल्या आणि थैली ज्वारीच्या डब्यात ठेवली. दोन वर्षं ती तिथेच होती.

गेल्या भाऊबीजेला दाजी पुण्याच्या कुठल्याशा साहेबाकडचं जेवण सांगत होते.

"अख्खी कोंबडी! अख्खी! ताटात बसल्यावाणी. अंगाला सोन्याचा रंग. पोटात लिंबू, संत्री, बुडाखाली गाजरं, रताळी. लसणाचे गड्डेच्या गड्डे, न सोलता. आन् वरची कातडी, दाताखाली कशी, पापडावाणी! तुमी काय, रस्सा करणार आन् बुडवून खाणार."

मी जावेच्या कानात सांगितलं. तिनं थैली आणून दाजींच्या पाटाजवळ ठेवली. "दाजी, अक्का म्हणत्यात आजच्या दिवशी एवढं घेऊन टाका."

दाजींनी थैली बोटानं परत सारली. "असं करा. तशी कोंबडी मला खाऊ घाला. अख्खी. त्या दिवशी मोजून घेतो. शब्द हाय आपला."

सगळे हसले, कारण ते होणार नव्हतं. आमच्याकडे एक चूल, एक गॅस आणि एक तवा. जाऊ मात्र हसली नाही. तिच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं की ही आता मला मरेपर्यंत दमवणार.

त्याच रात्री तिनं मोबाइलवर एक बाई शोधून काढली. गोरी बाई, पांढरं स्वयंपाकघर. तिचं बोलणं एक अक्षर कळत नव्हतं, हात मात्र सगळे कळत होते. कोंबडी पुसून कोरडी केली. कातडी आणि मांस यांच्यामध्ये बोटं सारली, जशी आपण उशीच्या अभ्र्यात सारतो. आत लोणी, लसूण, मीठ चोळलं. पोटात लिंबू खुपसलं. दोन्ही पाय एकत्र बांधले. खाली भाज्या पसरल्या आणि सगळं भट्टीत सारलं. आम्ही तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की जाऊ त्या बाईला "आपली बाई" म्हणू लागली. "अक्का, आपल्या बाईनं मीठ आधी लावलं का लसूण?"

भट्टीचा प्रश्न जावेनंच सोडवला. आमच्या गल्लीच्या टोकाला बेकरी आहे. दिवाळीत आम्ही बायका रवा, तूप, साखर कालवून तिथं नेतो आणि नानकटाई भाजून आणतो. किलोमागे ठरलेले पैसे, आपापल्या पत्र्यावर नजर ठेवून ओळीत बसायचं. नानकटाई भाजून मिळते, तर कोंबडी का नाही? बेकरीवाल्यांना सगळी गल्ली चाचा म्हणते. संक्रांत झाल्यावर एका दुपारी जाऊ बोलली आणि मी तिच्यामागे उभी राहिले.

"चाचा, सकाळचे पाव निघाले की भट्टी रिकामी असती न्हवं?"

"खाली रहती. गरम भी रहती. क्यूं?"

तिनं सांगितलं. चाचांनी चष्मा कपाळावर चढवला. "वास लागला तर दुसऱ्या दिवशी लोक पाव खातील का मुर्गी?"

"झाकून ठिवू की."

"झाकली तर लाल कशी होणार?" एवढं बोलून चाचाच विचारात पडले. आम्ही थांबलो. "शेवटचा पाव निघाल्यावर आणा. कोपऱ्यात ठेवतो. पैसे नको. खाली ते गाजर, रताळं घालणार ना? ते मला."

म्हणजे दाजींना आमच्या दारी जेवायला बोलवायचं तेवढं राहिलं होतं. रविवार ठरला. आमच्या लेकीचे यजमान लग्नानंतर पहिल्यांदाच राहायला येणार होते, त्यांनाही तोच दिवस सांगितला. मानाचे पाहुणे दोन, कोंबडीला पाय दोन. हिशेब बरोबर होता, आणि तो तसा असणं किती गरजेचं होतं हे सांगायलाच हवं. आमच्या घरी तंगडी जावयाला जाते. चुकून गेली नाही तर ती चूक मानत नाहीत, अपमान मानतात. दाजी आमच्या घरचे जुने जावई. एका बारशाला त्यांच्या ताटात छातीचा तुकडा पडला, तर ते जेवले, हात धुतले आणि सात महिने आले नाहीत. तेव्हापासून सासूबाईंनी शिकवलेलं आम्ही पाळतो. पाव्हणे जास्त असले की दुकानातून सुट्ट्या तंगड्या आणायच्या आणि रश्श्यात टाकायच्या. एका कोंबडीच्या पातेल्यात मी सहा तंगड्याही टाकल्या आहेत. रस्सा सगळं झाकून घेतो. कोण मोजतंय?

रविवारी सकाळी सात वाजता मी चिकनच्या दुकानात होते. तिथं एकच पद्धत. कोंबडी कापली, की तो माणूस मानेकडून धरून एका हिसक्यात कातडी ओढून काढतो, लहान पोराच्या अंगातलं स्वेटर काढावं तशी. मला सांगायचं होतं की कातडी ठेवा. मी सांगितलंही, पण माझ्या पद्धतीनं, म्हणजे मला स्वतःलाही ऐकू आलं नाही. फर्रर्र. गेली कातडी.

मी तिथंच उभी.

"काय झालं मावशी? तुकडे किती करू?"

मी मान हलवली. मागे रांग. शेवटी डोळे मिटून म्हणाले, "कातडीसकट पायजे."

तो हसला. "गावाकडचं जेवण दिसतंय." सोललेली कोंबडी दुसऱ्या गिऱ्हाइकाला तोलली आणि मला दुसरी दिली, कातडीसकट, मान तेवढी उडवून. मानेची कातडी मात्र लांब राहिली होती, फुग्याच्या तोंडासारखी लोंबत. मी तीही ठेव म्हटलं, कारण आता एकदा तोंड उघडलंच होतं.

घरी आले. हळद लावून गॅसच्या जाळावर कोंबडी फिरवली, राहिलेली लव जळून गेली, माझ्या माहेरी नातेपुत्याकडे गावठी कोंबडीची करतात तशी. आपल्या बाईनं हे केलं नव्हतं, पण तिच्याकडे लव नसेल. मग कातडीखाली बोटं घातली. लोण्यात लसूण, मीठ, लिंबाची किसलेली साल, आणि जावेनं मला न विचारता टाकलेला घरचा काळा मसाला. पोटात एक अख्खी मोसंबी आणि दोन लिंबं, दाभणानं टोचून.

"अक्का, हिला कळा येत असतील गं," जाऊ म्हणाली.

"गप."

"मोसंबीएवढं पोर म्हणजे..."

"गप म्हणते ना!" पण हसायला तिथूनच सुरुवात झाली.

पत्र्यावर गाजरं, रताळी, बटाटे, एक बीट आणि लसणाचे सहा गड्डे पसरले. बीट घालायला नको होतं, ते नंतर कळलं. वर कोंबडी बसवली. नऊ वाजले होते. चाचांनी दहाला बोलावलं होतं. तेवढ्यात नणंदेचा फोन आला.

"वैनी, गाडीत बसलो आमी. आन् ऐक, ह्यांचे थोरले भाऊ पण येत्यात. गाडीतच भेटले, ह्यांनी म्हटलं चला."

फोन ठेवला. जाऊ कोंबडीकडे बघत होती. मीही बघत होते. कितीही वेळा मोजले तरी पाय दोनच.

"दाजींना एक," जाऊ म्हणाली. "जावईबापूंना एक."

"आन् थोरल्यांना काय पंख देऊ? दाजी तिथल्या तिथं रुसतील, माझ्या भावाचा मान ठेवला न्हाय म्हणून. रुसले की थैली परत डब्यात."

"दुसरी कोंबडी?"

तिचा नवरा सायकलवर धावला. पंधरा मिनिटांत परत आला. रविवारची गर्दी, सगळ्या कोंबड्या सोललेल्या. त्याला मिळाली ती एक सुटी तंगडी, बिनकातडीची, गुलाबी, उघडी. ती पाटावर ठेवली. जावेनं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मशीनकडे.

"अक्का. तुमी हजारो पँटी शिवल्या असतील न्हवं?"

मला वाटलं ती थट्टा करतेय. पण तोपर्यंत माझे डोळे मानेच्या त्या लोंबत्या कातडीवर गेले होते, आणि हात मापं घेत होता. घेर एवढा. उंची एवढी. शिलाईला अर्धं बोट जास्त.

मी कातडी कापली. तंगडीभोवती गुंडाळली. उरलेलं लोणी आत चोळलं. मशीनला निळा दोरा ओवलेला होता, तोच तोडून हातसुईत ओवला आणि मागून शिवण घातली, आधी धावदोरा, मग बारीक उलटी टीप. अगदी अंगासरशी बसली. खाली गुडघ्यापाशी दुमड घालून हेम केली, कारण तशी सोडून देणं माझ्या हातून होत नाही.

"खिसा?" जाऊ म्हणाली.

"गप गं."

"निदान एक. दाजींचे पाच हजार ठेवायला."

मी हसायला लागले ते थांबता थांबेना. सुई हातातून पडली, पदर तोंडात कोंबला, डोळ्यांतून पाणी. जाऊ फरशीवर बसलीच. तिचा नवरा दारातून म्हणाला, "काय झालं? कोण गेलं का?" तर ती आणखीनच. कारखान्याच्या हिशोबानं एका हाफ पँटीचे मला किती मिळतात ते तिनं मोठ्यानं सांगितलं आणि म्हणाली, "हिचं बिल कुणाच्या नावानं फाडायचं?"

मग ती पँट घातलेली तंगडी कोंबडीला जोडायची होती. बाजूला, खऱ्या पायाच्या शेजारी, कातडीला कातडी लावून गोल टीप. शिवण आत दाबली. लांबून पाहिलं. जाऊ मान तिरकी करून म्हणाली, "चांगली दिसती. चालती असती तर वाकडी चालली असती, पण बसलेलीच हाय."

बेकरीत चाचांनी वरचं फडकं उचललं, बराच वेळ बघितलं आणि परत झाकलं.

"ये क्या हाय?"

"कोंबडी हाय चाचा."

"वो तो दिखतीच है. एक पाँव कू कपडे कायकू पेहनायी?"

जावेनं पाहुण्यांची सगळी गोष्ट सांगितली. चाचा हसले नाहीत. गंभीरपणे म्हणाले, "जावई का मामला है," आणि लांब दांड्याच्या फावड्यानं पत्रा भट्टीत आत सारला.

सव्वा तास आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो. आधी काही वास नव्हता. मग लिंबाचा आला. मग लसणाचा. मग असा एक वास आला की रस्त्यानं जाणारा माणूस सायकलवरून उतरला आणि विचारू लागला, आज नवीन काय केलंय. चाचा मधून मधून डोकावायचे. शेवटी ओरडले, "आओ गे! निकल्या!"

पत्रा बाहेर आला. आई गं. अख्खी, सोन्याच्या रंगाची, पोटातून मोसंबीचा रस उकळत होता. कातडी टणक, फुगलेली, चकाकत होती. बिटानं बुडाखाली सगळं गुलाबी केलं होतं, बटाटेसुद्धा, जणू गुलालात बसवलंय. आणि तिसरी तंगडी बाजूला लवंडली होती.

माझी चूक. इतकी वर्षं हातात दोरा घेऊन बसते, पण दोरा कशाचा हे मला त्या घाईत आठवलं नाही. मशीनचा दोरा सुती नसतो. भट्टीत तो वितळला होता आणि टिपांच्या जागी बारीक बारीक निळे मणी झाले होते. पँटीची शिवण तेवढी दुमडीत दबलेली होती, ती टिकली. जोडणीची मात्र सगळी गेली.

आम्ही दोघी वाकून चिमट्यानं निळे मणी वेचत बसलो. चाचांनी कुठून तरी कडुनिंबाची काडी आणली, पत्रावळी टाचतात तशी, आणि स्वतःच्या हातानं तंगडी टाचून दिली. मग एका ताटलीत गाजरं, रताळी आणि लसणाचा एक गड्डा काढून घेतला. लसूण बोटानं दाबला तर लोण्यासारखा बाहेर आला. पावाला लावून त्यांनी खाल्ला आणि डोळे मिटले.

घरी पाहुणे येऊन बसले होते. दाजी मशीनशेजारीच बसले होते, हात त्याच्यावर. थोरले भाऊ शांत, टोपी मांडीवर. आमचे जावई कोपऱ्यात, माझ्यासारखेच, जमीन बघत. जाऊ परात घेऊन आत आली. मी तिच्या पाठोपाठ, पदर नाकापर्यंत.

परात मधे ठेवली.  दाजी उभे राहिले.

"वैनी! आवो वैनी! हे काय!"

"अख्खी हाय दाजी," जाऊ म्हणाली. "तुमी सांगितल्यावाणी. मोसंबी पोटात हाय, तपासून घ्या."

आमचं ठरलं होतं की शिवलेली तंगडी जावईबापूंच्या ताटात टाकायची, कारण त्यांनी हातात चप्पल दिली असती तरी ते बोलले नसते. पण दाजींनी थांबायला हवं होतं ना. आमची पँटवाली तंगडी सगळ्यांत चकचकीत होती, मानेची कातडी जाड, ती जास्त फुगली होती. दाजींचा हात सरळ तिच्यावरच गेला.

जावेनं माझा दंड धरला. दाजींनी नुसतं बोट लावलं आणि तंगडी हातात आली.

"बघा!" दाजी भावाला म्हणाले. "कशी शिजलीय बघा! हात लावला की सुटली! पुण्याच्या साहेबाच्या घरी सुरीनं कापाय लागली होती!"

त्यांनी घास घेतला. कातडी कुर्रर्र वाजली. डोळे मोठे झाले. "वैनी," ते भरल्या तोंडानं म्हणाले, "लई म्हणजे लई..." परत घास. थोरल्या भावांना जावेनं दुसरी तंगडी दिली. जावईबापूंना तिसरी. तिघांच्या हातात तीन तंगड्या. सगळं पार पडलं असं मला वाटलं. आणि मग थोरल्या भावांनी हातातली तंगडी खाली ठेवली. परातीकडे बघितलं. दाजींच्या हाताकडे. जावईबापूंच्या हाताकडे. स्वतःच्या ताटाकडे. बोटं मोजली.

"पाव्हणं," त्यांनी आमच्या जावयांना हळूच विचारलं, "तुमचा पाय कुटनं आला?"

जावईबापू लाल झाले. "धाकट्या सासूबाईंनी दिला."

"आन् माझा?"

"परातीतनंच."

"मग ह्याचा?"

दाजी चावायचे थांबले. तोंडातून एक निळा मणी काढला आणि तळहातावर ठेवला. मग तंगडी उलटी केली. मागच्या बाजूला माझी उलटी टीप, गुडघ्यापाशी हेम, सगळं दिसत होतं.

"वैनी," दाजी म्हणाले, "कोंबडीला पाय किती?"

 जाऊ म्हणाली, "नातेपुत्याकडची हाय. अक्कांच्या माहेरची. तिकडं असत्यात अशा."

"आन् तिकडं पँट घालून फिरत्यात?"

आधी थोरले भाऊ हसले. आवाज न करता, नुसते खांदे. मग जावईबापूंच्या नाकातून काहीतरी आलं. मग दाजी. दाजी हसले म्हणजे काय सांगू, त्यांनी ती तंगडी छातीशी धरली आणि मागे भिंतीवर आदळले. नणंद ओरडायला लागली, "आवो, ठसका लागंल!" आमच्या ह्यांना काय झालं ते कळतच नव्हतं, ते सगळ्यांना विचारत होते. आणि मी, जी आजवर पुरुषांसमोर नुसते दातही दाखवत नाही, ती पदर सोडून मोठमोठ्यानं हसत होते. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. सगळं जावेनं सांगितलं. दुकान, सायकल, मानेची कातडी, खिसा. एकेका गोष्टीला दाजी परत परत लोळत होते. "खिसा पायजे होता," म्हणत होते, "खिसा ठिवायला पायजे होता!"

परात साफ झाली. मोसंबीचं पाणीसुद्धा भाकरीनं पुसून घेतलं. गुलाबी बटाटे सगळ्यांत आधी संपले. मग मी ज्वारीच्या डब्यातून थैली आणली आणि जावेच्या हातात द्यायला गेले.

तिनं हात मागे घेतला. "तुमीच द्या," म्हणाली.

मी दाजींच्या समोर थैली ठेवली. त्यांनी थैलीकडे बघितलं आणि त्यांच्या चेहऱ्यावर ते जुनं हसू येताना मी पाहिलं. "आवो, पण माझी अट काय होती? अख्खी कोंबडी. ही अख्खी कुटं हाय? ही तर जास्तीची हाय! अट मोडली की वैनी."

ते थैली परत सारणार, बोट पुढे आलंच होतं.

"जास्तीचा पाय व्याजाचा धरा, दाजी," मी म्हणाले.

 मी दाजींशी तोंडावर बोललेलं तिथल्या कुणीच आजवर ऐकलं नव्हतं.  पण बोलले ते बोलले, आणि मान मी खाली घातली नाही.

थोरल्या भावांनी टोपी डोक्यावर घातली. "घे रं," ते दाजींना म्हणाले. "अठरा हजारावर तंगडीचं व्याज कुठल्या ब्यांकेत मिळालं आसतं तुला?"

दाजींनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग उठले, मोरीत जाऊन साबण लावून हात धुतले, धोतराच्या सोग्याला पुसले. खाली बसले. थैली उघडली. अंगठा ओला करून एकेक नोट जमिनीवर मांडत मोठ्यानं मोजली, पाचशे, हजार, दीड हजार. मधे एकदा त्यांना हसू आलं आणि आकडा चुकला, तर परत पहिल्यापासून सुरू केलं. पाच हजाराला थांबले. नोटा जुळवून सदऱ्याच्या खिशात घातल्या, खिशाचं बटण लावलं, आणि रिकामी थैली माझ्या हातात दिली.

"फिटलं वैनी," म्हणाले. "सगळं फिटलं."